पकड, नेम आणि अंदाज

‘जीपीएस पकडत नाही’ हे वाक्य मराठीत कधी रुळले ते कुणाच्या लक्षातही आले नाही. गडावर निघालेली पोरे ते म्हणतात, माल घेऊन अनोळखी गावात शिरलेला ड्रायव्हर म्हणतो, बांधावर उभा असलेला भूकरमापकही म्हणतो. यातले क्रियापद मात्र जुने आहे. बटण फिरवून रेडिओवर सिलोन पकडायचे, कौलांवर चढून अँटेना वळवला की टीव्ही मुंबई पकडायचा, पुढे मोबाइल रेंज पकडू लागला. हवेतून येणारे, डोळ्यांना न दिसणारे काही असले की त्यासाठी मराठी माणसाचे क्रियापद ठरलेले: पकडणे.

जीपीएसच्या बाबतीत हे क्रियापद कमालीचे चपखल बसते. फोन उपग्रहाला काही विचारत नाही आणि फोन कुठे आहे हे उपग्रहाला कधीच कळत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह आपल्या अणुघड्याळाची वेळ आणि स्वतःची जागा एवढेच अखंड सांगत असतो. खालच्या यंत्राने ते पकडायचे, संदेश वाटेत किती वेळ होता हे मोजायचे, आणि चार किंवा अधिक उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा आपणच काढायची. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने हुकले तर जागा ३०० मीटरने हुकते. सगळे कौशल्य अशा रीतीने पकडणाऱ्याच्या अंगी लागते.

हे पकडणारे यंत्र म्हणजे रिसीव्हर. शासकीय हिंदीत त्याला ‘अभिग्राही’ म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकांत ‘ग्राहक’ किंवा ‘ग्राही’ असे प्रतिशब्द आढळतात. बोलताना हे शब्द कुणाच्या तोंडी येत नाहीत, पण त्यांच्या पोटात आपले ‘पकडणे’च बसले आहे. संस्कृत ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे, धरणे, घेणे. त्यातून ग्राहक, आणि ग्राहक बाजारात फिरून फिरून झाला तो आपला गिऱ्हाईक. इंग्रजी ‘रिसीव्ह’ची गोष्टही हीच. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कापेरे’ आहे, अर्थ पुन्हा पकडणे. ‘सिग्नल कॅच होत नाही’ म्हणताना जो ‘कॅच’ येतो, तोही त्याच कापेरेच्या घराण्यातला. पाणिनीच्या भाषेतून जा, रोमच्या भाषेतून जा किंवा गाडीच्या केबिनमधून जा, वाट एकाच मुठीपाशी येते.

याच ‘ग्रह्’ने आकाशही व्यापले आहे. जो माणसाला धरतो तो ग्रह. साडेसाती ‘लागते’ ती याच समजुतीतून. सूर्याला किंवा चंद्राला राहूने धरले की ग्रहण. आणि उपग्रह? आज हा शब्द आपण फक्त चंद्रासाठी किंवा इस्रोच्या यानांसाठी वापरतो, पण अमरकोशात त्याचा एक अर्थ बंदिवान असा दिला आहे, म्हणजे पकडून आणलेला माणूस. इंग्रजी ‘सॅटेलाइट’च्या मागे लॅटिन ‘सातेलेस’ आहे, म्हणजे बड्या माणसाच्या मागेपुढे चालणारा हुजऱ्या. गुरूचे चंद्र दुर्बिणीतून दिसले तेव्हा केप्लरने त्यांच्यासाठी हा शब्द वापरला. एका भाषेने त्या फिरणाऱ्या गोळ्यात नोकर पाहिला, दुसरीकडे त्याच्यासाठी जो शब्द स्थिरावला त्याने एके काळी कैदी पाहिला होता. ग्रहाने उपग्रहाला धरून ठेवायचे आणि उपग्रहाचा आवाज खालच्या ग्राहकाने धरायचा, अशी ही एकाच धातूची साखळी आहे.

ही साखळी शब्दांपुरती नाही. पृथ्वीवर आपण पूर्वेला किती आणि पश्चिमेला किती, हे कळणे सर्वांत अवघड होते. उत्तर-दक्षिण सोपे, कारण ध्रुवाची उंची मोजली की झाले. पूर्व-पश्चिमेसाठी दोन ठिकाणच्या वेळांमधला फरक हवा. सूर्यसिद्धान्ताने त्यासाठी उपाय सांगितला तो चंद्रग्रहणाचा. गणिताने काढलेली मध्यरेषेवरची ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावी दिसलेली वेळ यांतला फरक पाहा, तेवढे तुम्ही मध्यरेषेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला. ही मध्यरेषा उज्जैनवरून जाणारी होती. तिच्यापासूनच्या अंतराला शब्द होता ‘देशांतर’. हिंदीने तो आजही रेखांशासाठी ठेवला आहे. मराठीने रेखांश पत्करला आणि देशांतर दूरदेशी जाणाऱ्यांना देऊन टाकला. पुढे गॅलिलिओने गुरूच्या चंद्रांची ग्रहणे पाहून समुद्रावर रेखांश काढण्याची योजना आधी स्पेनपुढे आणि मग हॉलंडपुढे मांडली. जहाजाच्या हलत्या डेकवरून दुर्बीण रोखणे जमेना म्हणून ती बारगळली. युरोपने आपल्या उपग्रहयंत्रणेचे नाव गॅलिलिओ ठेवले त्याला हा आधार आहे. ‘सॅटेलाइट’ या नावाच्या गोलांवरून जागा काढायची कल्पना चारशे वर्षांची आहे. तेव्हा ग्रहण डोळ्याने पाहायचे होते, आता ग्रहण अँटेनाने करायचे आहे.

इतर यंत्रणांची नावेही ऐकण्यासारखी आहेत. चीनची बेइदोउ म्हणजे उत्तरेची पळी, आपले सप्तर्षी. त्यांतल्या दोन ताऱ्यांवरून रेघ ओढली की ध्रुव सापडतो, हे आपल्याकडे शाळेतली मुलेही सांगतात. जपानची मिचिबिकी म्हणजे वाट दाखवणे. आपल्या यंत्रणेला शेवटचा नियोजित उपग्रह गेल्यावर एप्रिल २०१६ मध्ये ‘नाविक’ हे नाव मिळाले. ते इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेले असले तरी शब्द अस्सल संस्कृत आहे. ‘नौ’पासून नाव, नाविक, आणि लॅटिन ‘नाविस’वरून नेव्हिगेशन, असे हे एकच कूळ. कोळीवाड्यातला ‘नाखवा’ही यांचा नातलग निघतो. फारसी ‘नाखुदा’ म्हणजे नाव अधिक खुदा, नावेचा धनी. तेव्हा वर फिरणारा नाविक आणि खाली वल्ह्याशी बसलेला नाखवा, दोघांच्या नावात नाव एकच. ‘गगन’ ही आपली आणखी एक यंत्रणा. जागा सांगण्याचे मूळ काम जीपीएसचेच राहते. जीपीएसमध्ये किती चूक शिरली आहे ते जमिनीवरच्या केंद्रांवरून मोजून, ती दुरुस्ती आपल्या संदेशवाहक उपग्रहांमार्फत ‘गगन’ खाली पाठवते. मुख्यतः विमानांसाठी उभारलेली ही सोय, पण ती ऐकू शकणाऱ्या छोट्या रिसीव्हरलाही तिचा लाभ होतो.

आता त्या छोट्या रिसीव्हरकडे वळू. काड्यापेटीपासून साबणाच्या वडीपर्यंतच्या आकाराची ही वस्तू. आत अँटेना, चिप आणि बॅटरी. आकाशातले पकडायचे आणि ब्लूटूथने फोनला सांगायचे एवढेच तिचे काम. दुकानदार तिला ‘एक्स्टर्नल जीपीएस’ म्हणतो, वापरणारे ‘डबी’ म्हणतात. ‘डबी काढ, डबी चार्ज केलीस का?’ या नावात काही विशेष नाही असे वाटेल, पण दिशा दाखवणाऱ्या वस्तूला डबी म्हणणे ही फार जुनी दर्यावर्दी रीत आहे. आपले ‘होकायंत्र’ घ्या. त्यातला ‘होका’ अरबी ‘हुक्का’शी जोडतात. हुक्का म्हणजे मुळात डबी, पेटी. गुडगुडीचे नाव त्यातूनच आले. अरबी खलाशी सुई ठेवायच्या डबीला हुक्का म्हणत. भूमध्य समुद्रावरही तेच घडले. इटालियन ‘बुस्सोला’ म्हणजे छोटी लाकडी डबी, आणि तेच होकायंत्राचे नाव झाले. मराठी शाळेत मात्र उलटा प्रकार. ‘कंपास’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वर्तुळ काढायचे साधन येतच नाही. कर्कटक, कोनमापक, गुण्या आणि खोडरबर कोंबलेली पत्र्याची पेटी येते. तिथे डबीचे नाव यंत्राला मिळाले, इथे यंत्राचे नाव डबीला.

फोनमध्ये जीपीएस असताना ही वेगळी डबी हवीच कशाला? उत्तर बहुतांशी अँटेनात आहे. फोनच्या कडेला दाटीवाटीने बसवलेला अँटेना कॅमेरा, बॅटरी आणि इतर अर्धा डझन रेडिओंच्या शेजारी कसाबसा राहतो. त्यातून आपण फोन तळहातात धरतो किंवा खिशात घालतो, आणि पाण्याने भरलेले आपले शरीर आधीच क्षीण असलेला संदेश शोषून घेते. डबीतला अँटेना बहुधा चिनीमातीसारख्या सिरॅमिकची चपटी चौकोनी वडी असतो, आणि डबी टोपीवर किंवा पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात आभाळाकडे तोंड करून ठेवता येते. शिवाय उपग्रहांचा संदेश उजव्या फेऱ्याने पिळत येतो. ही वडी त्याच फेऱ्यासाठी घडवलेली असते. संदेश कड्यावर किंवा इमारतीवर आपटून आला तर त्याचा फेरा सहसा उलटतो, आणि वडी अशा डावऱ्या पाहुण्याला बऱ्याच प्रमाणात बाहेर ठेवते. फोनचा साधा अँटेना दोघांनाही सारखाच आत घेतो.

हे आपटून आलेले संदेश पुस्तकी मराठीत ‘बहुपथ’ नावाने ओळखले जातात. शब्द चुकीचा नाही, पण त्यापेक्षा किती तरी नेटका शब्द कोकणातल्या आणि मावळातल्या माणसाजवळ आहे: चकवा. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा पुन्हा त्याच झाडापाशी येतो. वाट समोर दिसत असते, फक्त ती खरी नसते. कातळकड्याच्या पायथ्याशी नकाशावरचा ठिपका दरीच्या पलीकडे उडी मारतो, किंवा उंच इमारतींच्या गल्लीत शेजारच्या रस्त्यावर धावू लागतो, तेव्हा नेमके हेच होत असते. संदेश खराच असतो, पण लांबच्या वाटेने आलेला. उशिरा आला म्हणून यंत्र समजते की उपग्रह अधिक दूर आहे, आणि जागा सरकते. एखाद्या परिभाषाकोशाने ‘चकवा’ हा शब्द पारिभाषिक म्हणून घ्यावा, त्यात भुताखेतांचा कुणाला संशय येणार नाही.

रानात आणखी एक अडचण येते ती पहिल्या ठिपक्याची. यंत्र बऱ्याच दिवसांनी सुरू केले की ते काही काळ गप्प बसते. कारण आकाशात कोण कुठे आहे याची यादी त्याला आधी हवी असते. या यादीचे नाव ‘अल्मनॅक’. हा शब्द स्पेनमधल्या अरबीतून लॅटिनमध्ये आला, आणि त्याला मराठीत शब्द शोधत बसावे लागत नाही: पंचांग. जीपीएस उपग्रह हे पंचांग सेकंदाला ५० बिट अशा संथ गतीने वाचून दाखवतो, त्यामुळे ते पुरे ऐकायला साडेबारा मिनिटे लागतात. प्रत्येक उपग्रहाचे स्वतःचे काटेकोर गणित वेगळे, ते दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगितले जाते आणि काही तासांतच शिळे होते. त्याचे नाव ‘इफेमेरिस’, मूळ ग्रीक अर्थ दिवसापुरते, रोजनिशी. शहरात फोन ही दोन्ही माहिती इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो आणि आपल्याला वाटते जीपीएस लगेच पकडते. नेटवर्क नसलेल्या घाटात फोनला आणि डबीलाही ती आकाशातूनच ऐकावी लागते. पायथ्याच्या गावातच डबी सुरू करून मोकळ्या आभाळाखाली थोडा वेळ ठेवावी असे जाणते सांगतात, ते यासाठी.

डबीने पकडलेले फोनला सांगायचे ते ब्लूटूथने. तंत्रज्ञानातल्या नावांत याच्याइतके गमतीचे नाव दुसरे नसेल. डेन्मार्कचा दहाव्या शतकातला राजा हाराल्ड, त्याचे टोपणनाव ‘ब्लोतान’, निळ्या दाताचा. त्याने विखुरलेल्या डॅनिश मुलखाची एकी केली आणि नॉर्वेवरही अंमल बसवला, असे येलिंगच्या शिलालेखात त्यानेच कोरून ठेवले आहे. १९९०च्या दशकात इंटेल, एरिक्सन आणि नोकिया या कंपन्या जवळच्या अंतरावरच्या रेडिओसाठी एकच पद्धत ठरवत होत्या. इंटेलचे जिम कार्डाक तेव्हा व्हायकिंगांवरचे वाचन करत होते. भांडणाऱ्यांना एकत्र आणणारा राजा म्हणून त्यांनी हे नाव सुचवले, तेही काम होईपर्यंतचे तात्पुरते. बदली नावे काही ना काही कारणाने मागे पडली आणि तात्पुरते तेच कायमचे झाले. डॅनिश ‘तान’ आणि आपला ‘दंत’ हे तर सख्खे भाऊ. ‘ब्लो’ आज निळा असला तरी जुन्या नॉर्स भाषेत त्या शब्दात काळसर छटाही येई, दात किडलेला असावा हा तर्क त्यातूनच. ज्या भाषेत मेघ आणि कृष्ण दोघेही ‘घननीळ’ आहेत, तिला निळ्या-काळ्याची ही सरमिसळ समजावून सांगायला नको. आणि फोनवरचे ते टोकदार चिन्ह पाहिले आहे ना? ते हाराल्डच्या आद्याक्षरांचे, ‘हागल’ आणि ‘ब्यार्कन’ या दोन रून अक्षरांचे मिळून केलेले आहे. म्हणजे देवनागरी वाचणाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जोडाक्षर.

या जोडाक्षराखालून जे वाहते तेही ‘भाषा’च म्हणवते. बहुतेक डब्या जहाजी उपकरणांसाठी अमेरिकेतल्या एका सागरी संघटनेने १९८३ मध्ये ठरवलेल्या पद्धतीने बोलतात. त्या पद्धतीत माहितीच्या एका ओळीला चक्क ‘वाक्य’ म्हणतात आणि ओळ पाठवणाऱ्या उपकरणाला ‘बोलणारा’. वाक्य ८२ वर्णांहून लांब नसावे असा दंडक आहे, जो काही लेखकांनाही लागू करता आला असता. डॉलरच्या चिन्हाने वाक्य सुरू होते, मग वेळ, अक्षांश, रेखांश, किती उपग्रह पकडले, उंची किती. यातले अक्षांश अंश आणि कलांत असतात. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा. आपल्या ज्योतिषग्रंथांतले हे शब्द आज शाळेतून जवळजवळ गेले, आणि त्यांच्याबरोबर एक सावधपणाही गेला. १८ अंश ३० कला म्हणजे १८.५ अंश, ते कुणी १८.३० असे वाचले तर माणूस सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला जाऊन उभा राहतो. कितीही महागडी डबी त्याला वाचवू शकत नाही.

समुद्राचा हा वारसा मराठीच्या रोजच्या बोलण्यातही आहे. हरवलेल्या माणसाचा ‘थांगपत्ता’ लागत नाही म्हणतो, त्यातला थांग म्हणजे पाण्याचा तळ. ज्याला थांग नाही ते अथांग. संस्कृतात ‘अस्ताघ’ म्हणजे तळ न लागणारे, तो याच कुळातला. ‘ठाव लागणे’ हेही तसेच, ठाव म्हणजे जागा आणि ठाव म्हणजे पाय टेकेल एवढी खोली. जागा कळणे म्हणजे पायाला तळ लागणे, अशी या शब्दांची समजूत आहे.

अँड्रॉइड फोनमध्ये या सगळ्या प्रामाणिक खटाटोपाचा शेवट मात्र विनोदी होतो. डबीकडून आलेली जागा फोनच्या सगळ्या नकाशांना मिळावी म्हणून मध्ये एक अ‍ॅप लागते, आणि त्या अ‍ॅपला ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘मॉक लोकेशन’ची, म्हणजे खोटी जागा सांगण्याची परवानगी द्यावी लागते. ही सोय मुळात अ‍ॅप बनवणाऱ्यांना घरबसल्या चाचणी घेता यावी म्हणून केलेली. अधिक खरी जागा फोनमध्ये शिरते ती खोटेपणाच्या दाराने. आयफोनमध्ये हे सोंग नाही, पण डबीला कंपनीची मान्यता हवी.

आता ‘अचूक’ या शब्दाकडे. जाहिरातीत तो सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. चुकणे हा मूळचा प्राकृत शब्द. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले, त्यात संस्कृत ‘भ्रंश्’ म्हणजे घसरणे, ढळणे, या धातूला प्राकृतात चालणारे पर्याय सांगताना ‘चुक्क’ आणि ‘भुल्ल’ शेजारी शेजारी ठेवले आहेत. आपली ‘भूलचूक’ एवढी जुनी जोडी आहे. म्हणजे चूक ही मुळात नैतिक किंवा गणिती बाब नव्हती, ती पाय घसरण्याची बाब होती. वाट चुकते, गाडी चुकते, गर्दीत चुकामूक होते. शिवाय मराठीत चुकणे वेगळे आणि चुकवणे वेगळे. २००० सालापर्यंत अमेरिकेचे लष्कर जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम गडबड करत असे, त्यामुळे सामान्य यंत्राची जागा शंभर मीटरपर्यंत सरके. तोवर जीपीएस चुकत होते असे म्हणणे बरोबर नाही. ते आपल्याला चुकवत होते. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही गडबड थांबली आणि एका रात्रीत जगभरातल्या साध्या डब्या सुधारल्या.

अचूकच्या शेजारी आपण सहज ‘नेमका’ वापरतो, जणू दोन्ही एकच. पण ‘नेम’ आला आहे ‘नियम’मधून. नेमधर्मातला नेम, ‘पावसाचा काही नेम नाही’मधला नेम आणि बंदुकीचा नेम, सगळे एकच. पुन्हा पुन्हा तसेच घडणे हा त्याचा गाभा. दहा बाण एकाच जागी एकमेकांना खेटून रुतले तर नेम पक्का. पण ती जागा लक्ष्यापासून हातभर बाजूला असली तर नेमका असूनही बाण चुकलाच. मोजमापाच्या शास्त्रात या दोन गुणांत काटेकोर भेद करतात, आणि मराठीत त्यासाठी नवे शब्द घडवायची गरज नाही. नेमकेपणा म्हणजे न विखुरणे, अचूकपणा म्हणजे न ढळणे.

नेमकेपणा असून अचूकपणा नसणे म्हणजे काय, हे सह्याद्रीत जुना नकाशा घेऊन हिंडणाऱ्याला लगेच कळते. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे सर्वेक्षक एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, जीपीएस वेगळ्या, पुढच्या काळात ठरलेल्या आकारावर चालते. एकाच देवळाचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे येतात, आणि महाराष्ट्रात हा फरक शंभर मीटरहून जास्त भरतो. डबी सेकंदाला दहा वेळा जागा सांगत असेल, ठिपके एकमेकांना चिकटून पडत असतील, तरी कागदावर ते सगळे देवळाऐवजी शेजारच्या ओढ्यात पडतील. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठीची नकाशांची मालिका जीपीएसच्याच आकारावर आणली गेली. कपाटात जपलेल्या जुन्या नकाशांना मात्र हे रूपांतर हातानेच करून घ्यावे लागते.

याहून पुढची पायरी आपल्या गावांत आता ‘रोव्हर’ नावाने पोचली आहे. पूर्वी मोजणी साखळीने होई. मुंबई इलाख्याची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणून गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि ४० गुंठ्यांचा एकर. आता काठीच्या टोकाला बसवलेला रिसीव्हर घेऊन भूकरमापक बांधावरून फिरतो आणि बरेचदा ब्लूटूथनेच हातातल्या यंत्राशी बोलतो. याची करामत अशी की तो एकटा काम करत नाही. ज्याची जागा आधीच पक्की माहीत आहे असे एक स्थिर केंद्र त्याच वेळी तेच उपग्रह पकडत असते. त्याला स्वतःची जागा ठाऊक असल्याने उपग्रहांचे सांगणे किती ढळले आहे ते हे केंद्र क्षणोक्षणी ओळखते आणि तेवढी दुरुस्ती फिरत्याला कळवते. मीटरांचे सेंटिमीटर होतात ते या जोडीदारामुळे. ‘रोव्हर’ या शब्दाचा भूतकाळ मात्र सरकारी मोजणीला शोभणारा नाही. एका बाजूला तो समुद्री लुटारू, डच-जर्मन घराण्यातला. दुसऱ्या बाजूला ‘रोव्ह’ हा इंग्रज तिरंदाजांचा शब्द, ठरावीक अंतरावरचे लक्ष्य सोडून, चालता चालता दिसेल त्या खुणेवर बाण मारणे. अंतर आधी माहीत नसायचे, ते नजरेने जोखायचे. हा दुसरा अर्थ बांधावरच्या काठीला चांगला लागू पडतो.

तिरंदाजाचा विषय निघालाच आहे तर ‘अंदाज’ राहायला नको. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. तीर फेकणारा तिरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज, आणि त्याच मुळातून मापाचा, अदमासाचा ‘अंदाज’. दगड फेकणाऱ्याला अंतर जोखावेच लागते. फेकणे आणि जोखणे एकाच हाताची कामे. फोनच्या नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती जे फिकट वर्तुळ दिसते, ते याच अर्थाने अंदाज आहे. अँड्रॉइडच्या व्याख्येप्रमाणे खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनांतल्या साधारण एका वेळी आपण वर्तुळाबाहेर असतो, आणि तसे असणे हा बिघाड नव्हे. मोकळ्या आभाळाखाली फोनची जागा साधारण पाच मीटरच्या आत येते असे अमेरिकी सरकार सांगते; चांगली डबी ती दोन-तीन मीटरांवर आणते; दोन वारंवारता पकडणारे फोन २०१८ पासून मिळू लागल्याने हे अंतर आणखी कमी झाले आहे. जुना फोन, जीपीएस नसलेला टॅबलेट किंवा दाट झाडीतली दिवसभराची चाल असेल तर डबीचा उपयोग आजही आहे. शहरात रिक्षा बोलावण्यासाठी ती घेण्यात अर्थ नाही.

पकडणे, नेम धरणे, फेकणे: जागा शोधण्याचे आपले सगळे शब्द हाताचे आहेत. डबी त्यातले पहिले काम सुधारते, पकड घट्ट करते. नेम तपासायचा तर ती एका जागी ठेवून ठिपके किती पसरतात ते पाहावे; चूक तपासायची तर ज्याची जागा पक्की माहीत आहे अशा खुणेच्या दगडावर ठेवून पाहावे. आणि विकत घेताना ‘अचूक आहे का?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याला कुणीही नाही म्हणणार नाही. किती मीटरांचा अंदाज सांगते आणि तो किती वेळा खरा ठरतो, एवढेच विचारावे. जो दुकानदार या प्रश्नावर थोडा विचार करून उत्तर देईल, त्याचे गिऱ्हाईक व्हावे.